सासऱ्यांच्या खिशातला एक नंबर

प्रितेशला फक्त रविवारी दुपारी झोपायचं होतं. कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या हाणल्यावर माणूस आणखी काय मागणार?

पण सासऱ्यांच्या बंगल्यात राहणाऱ्या जावयाला कसली आलीय झोप! (फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत चार महिने राहू म्हणून तो आणि विनिता भिवंडीला तिच्या माहेरी आले होते. बिल्डर अजूनही 'दिवाळीला देतो' म्हणतो. कुठल्या दिवाळीला, ते मात्र सांगत नाही.) बंगल्याच्या मागेच सासऱ्यांची, म्हणजे केसरीनाथशेठची तीन गोडाऊनं होती. कॅमेरे, स्कॅनर, टीव्ही, गेटचा दांडा, पाण्याचा पंप, अशी दोनशेच्या वर यंत्रं एकाच नेटवर्कवर नांदत होती. प्रत्येकाला आपापला नंबर लागतो, आणि कुठला नंबर कोणाला दिलाय ते सांभाळणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते चालवायचं काम प्रितेशचं. त्यामुळे त्याचा डोळा लागला रे लागला, की मेहुणा भाविक दार बडवायचा, "भावोजी, नवीन टीव्ही आणलाय. नंबर द्या ना!"

शेवटी शनिवारी प्रितेशने त्या सॉफ्टवेअरला एक एआय एजंट जोडला. तिचं नाव ठेवलं मैना, तिला वेगळं सिमकार्ड दिलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. आता ज्याला नंबर हवा त्याने मैनाला सांगायचं, ती स्वतः सॉफ्टवेअर उघडून देणार, जावई घोरणार. तिला त्याने एकच नियम पक्का घालून दिला: अडचण आली तर मालकांचा शब्द शेवटचा. (तो नियम सासऱ्यांना वाचून दाखवला तेव्हा ते लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसले. बिचाऱ्याला वाटलं, जिंकलो.)

सासऱ्यांना खूश ठेवणं भागच होतं. सोमवारी तिसरं गोडाऊन भाड्याने घ्यायला एका मोठ्या कंपनीची माणसं येणार होती. त्यांची अट एकच होती, कॅमेरे आणि स्कॅनर क्षणभरही बंद पडता कामा नयेत. केसरीनाथशेठनी बजावलं होतं, "पावनं, हा कंप्युटर नीट चालला त गोडाऊनचा कारभार तुमचे हाती. न्हायतर भाविकच्या पान्याच्या टँकरवर बसा." टँकरवर बसणं म्हणजे दिवसभर सोसायट्यांच्या चेअरमनच्या शिव्या खाणं. प्रितेशला टँकर स्वप्नातसुद्धा हॉर्न वाजवत असे.

तर रविवारी दुपारी तो गाढ झोपला, आणि खाली सोफ्यावर केसरीनाथशेठनी फोन हातात घेतला.

आता केसरीनाथशेठ आणि एक नंबर यांचं नातं सांगायलाच हवं. त्यांच्या तिन्ही गाड्यांच्या पाट्यांवर एकच आकडा होता, एक. त्यासाठी त्यांनी आरटीओत किती माणसांशी भांडण केलं ते विचारू नका. एकदा बैलांच्या शर्यतीत त्यांच्या जोडीचा दुसरा नंबर आला, तर बक्षिसाची सायकल तिथंच टाकून घरी आले. असा माणूस! त्याने ग्रुपवर टाईप न करता बोलूनच मेसेज टाकला, "मैनाबाय, माझे फोनचा नंबर किती हाय?"

"एकशे सत्तेचाळीस," मैनाने लिहिलं.

"एकशे... आनि पंपाचा?"

"बारा."

केसरीनाथशेठ सोफ्यावरून उठलेच. "म्हंजे माझे घरान पंप माझ्याहून मोठा? मना एक नंबर पायजे!"

"एक नंबर राऊटरकडे आहे," मैनाने समजावलं. "सगळ्या यंत्रांना नेट त्याच्याकडूनच मिळतं. तो फोनला दिला तर सगळ्यांचं काम अडेल. तरीही द्यायचा असेल तर मालकांची मंजुरी लागेल."

"मालक मीच बोलतंय. दे!"

नियम म्हणजे नियम. "दिला," मैनाने लिहिलं. "उद्या सकाळी तुम्ही बाहेर जाऊन आलात आणि फोन पुन्हा जोडला गेला की लागू होईल. आणखी एक, प्रितेश यांची नोंद कुठे करू? घरचे की पाहुणे?"

"पावना हाय त्यो. जावय हाय ना आमचा," शेठ मोठ्या मायेने म्हणाले. सासऱ्याच्या तोंडून याहून मानाचा शब्द निघत नाही.

मैनाने जावयाला पाहुण्यांच्या नेटवर्कमध्ये टाकलं. मुक्काम एक दिवस, सॉफ्टवेअरला हात लावायची मनाई. वरच्या मजल्यावर जावई सुखाने घोरत होता.

सोमवारी सकाळी शेठ गाडी काढून पाहुण्यांना आणायला धामणकर नाक्यावर गेले. इकडे गोडाऊनमध्ये पडद्यावर सगळे कॅमेरे लखलखीत दिसत होते. प्रितेशने तीनदा तपासलं, देवाला हात जोडले, शर्ट खोचला.

गाडी फाटकात शिरली. शेठ उतरले, मागून कंपनीचे कुमारसाहेब उतरले, आणि पडदा काळा झाला.

"क्या हुआ?" कुमारसाहेबांनी विचारलं.

"काही नाही सर, जरा... दम घेतोय," प्रितेश म्हणाला.

स्कॅनर मुके झाले. गेटचा दांडा अर्ध्यावर लटकला, तो ना वर ना खाली. केसरीनाथशेठचं तोंड लाल झालं. ते "भाविकला फोन करतंय" म्हणत तणतणत रस्त्यापर्यंत गेले, तोच पडदा झगमगला, स्कॅनर पिकपिकले, दांडा सलाम ठोकल्यासारखा वर गेला.

"अरे वा!" कुमारसाहेब म्हणाले.

शेठ परत आत आले. पडदा काळा.

असं आणखी दोनदा झालं. शेठ बाहेर गेले की नेट हजर, शेठ आत आले की नेट गायब. कुमारसाहेबांचा सहायक तर देवळात पाळतात तशी शांतता पाळून शेठकडे बघायला लागला. प्रितेशने घाईने लॅपटॉप उघडला. पडद्यावर ओळ उमटली, 'पाहुण्यांना येथे प्रवेश नाही.' त्याने मोबाईलवर ग्रुप उघडला, कालच्या दुपारपर्यंत मागे गेला, वाचला, आणि मटकन एका खोक्यावर बसला. सासरे आत आले की त्यांचा फोन एक नंबर घेऊन नेटवर्कला जोडला जात होता; यंत्रांची जी वाहतूक राऊटरकडे जायची ती त्यांच्या खिशात घुसत होती, आणि खिशातून पुढे रस्ताच नव्हता.

त्याने लगेच लिहिलं, "मैना, एक नंबर राऊटरला परत दे!"

"मालकांची मंजुरी हवी," मैना म्हणाली. "आपला मुक्काम सुखाचा होवो."

आता आली का पंचाईत! कंपनीच्या साहेबांसमोर, सासऱ्यांच्याच गोडाऊनमध्ये, सासऱ्यांना बाहेर व्हा कसं म्हणायचं? आजवर कुठल्या जावयाने म्हटलंय?

"पप्पा," तो जवळ जाऊन कुजबुजला, "तुम्ही जरा... रस्त्यावर थांबता का?"

"कोन? मी?"

"नाहीतर फोन तरी बंद ठेवा. नाहीतर तो एक नंबर सोडा."

"एक नंबर?" शेठ एवढ्या मोठ्याने ओरडले की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "सायकल सोडली मी, पन दुसरा नंबर घेतला न्हाय! फोन माझा, गोडाऊन माझा, आनि भाईर मीच जाव?"

कुमारसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रितेशच्या कानात टँकरचा हॉर्न वाजायला लागला. त्याने गुपचूप विनिताला फोन लावला, "आईंना पाठव. धावत!"

सासूबाई, म्हणजे कमळाबाई, आल्या त्या चहाची किटली घेऊनच. आधी पाहुण्यांना चहा दिला. मग जावयाला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं?" प्रितेशने जमेल तसं सांगितलं, की आई, एक नंबर म्हणजे मान नाही हो. ज्याच्याकडे एक नंबर, त्याला बाकी सगळ्यांची कामं करावी लागतात. ज्याला जे पाहिजे ते त्याच्याकडेच मागतात, रात्रंदिवस, सुट्टी नाही.

कमळाबाई मनापासून हसल्या. "आनि त्यो नंबर ह्यांनी घेतला?" मग नवऱ्याकडे वळल्या. "अवं, दोनशे जना कामा सांगतान तुमाला मघापासना. एकाचा तरी केलाव?"

केसरीनाथशेठनी खिशावर हात ठेवला. "तरीच म्हनतंय, फोन मघापासना तव्यावानी तापलाय."

"मंग? घरान पान्याचा ग्लास तरी उचलून घेताव का कदी? एक नंबर कोनाला झेपलं ते तुमीच सांगा."

शेठनी कुमारसाहेबांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, तापलेल्या फोनकडे पाहिलं. मग फोन तोंडाशी धरून, घसा खाकरून म्हणाले, "मैनाबाय, मी मालक बोलतंय. एक नंबर राऊटरला दे. आनि आजपासना मालक ही. कमला."

शेठनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. पडदा उजळला. स्कॅनर पिकपिकले. दांडा वर गेला आणि वरच राहिला. केसरीनाथशेठ आतच उभे होते तरी!

कुमारसाहेबांनी तिथंच होकार दिला. (जाताना ते कमळाबाईंना म्हणाले, "मॅडम, मेन्टेनन्स आपही देखिए.") केसरीनाथशेठनी प्रितेशच्या पाठीवर थाप मारली, कारभार हाती दिला. टँकर टळला! प्रितेशला आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण सासरा समोर होता म्हणून नुसताच पाया पडला.

संध्याकाळी त्याने सासूबाईंना हळूच विनवलं, "आई, मैनाला सांगा ना, मला घरच्यांमध्ये घ्यायला. पाहुण्यांच्या यादीतून काढा."

"र्‍हाव दे," कमळाबाई म्हणाल्या. "त्या निमित्तान रोज मना इचाराव तरी लागलं. न्हायतर जावय जेवन झालं का वर पलतंय."

तेव्हापासून गोडाऊनचा कारभारी प्रितेश रोज संध्याकाळी नेटवर्कबाहेर फेकला जातो, आणि ग्रुपवर लिहितो, "आई, एक दिवस वाढवून द्या." सासूबाई होकाराचा अंगठा टाकतात. मग मैनाचा मेसेज येतो. परवाचा मेसेज असा होता: "पाहुण्यांचा मुक्काम एक दिवस वाढवला आहे. नियोजनासाठी विचारते, फ्लॅटचा ताबा कधी मिळतोय?"

त्या मेसेजला पहिला अंगठा विनिताचा होता.