बांधावर बसून काढलेलं चित्र

मांडवगण फराट्याच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी हौसराव एका सकाळी दूध मापता मापता सगळ्यांदेखत म्हणाला, "दिवाळीपातुर आपल्या शिवाराचं असं चित्र काढतो, की बघणाऱ्याला वाटावं खिडकीच उघडी ऱ्हायलीय."

नव्याण्णव साल होतं. दर रविवारी एसटीनं शिरूरला जाऊन तो एका रिटायर ड्रॉइंग मास्तरांकडं तैलचित्र शिकत होता. घरात टर्पेंटाइनचा वास एवढा भरला होता, की त्याची बायको म्हाळसा चहासुद्धा अंगणातल्या चुलीवर करायची.

मास्तरांचं सांगणं एकच: डोळ्याला दिसतं तेच काढा, मनातलं घुसडू नका. जवळचं मोठं, लांबचं बारीक. हौसरावनं ते शब्दशः पाळलं. ओट्यावर बसून महिनाभर खपला. चित्रात पुढं त्याचा स्वतःचा ऊस, त्यामागं त्याचीच नांगरट, मग बांध, बांधापल्याड शेजारच्या खंडूआप्पाचं तीन एकर रान आणि पार मागं नदीकाठची झाडं. रंग वाळायचीही वाट न बघता त्यानं ते डेअरीच्या भिंतीवर टांगलं.

लोक खूश झाले. ऊस बघून एकानं तर कुठल्या जातीचं बेणं म्हणून विचारलं. मग खंडूआप्पा किटली घेऊन आला. बराच वेळ बघून म्हणाला, "ह्यात माझं रान कुठंय?"

हौसरावनं दाखवलं. आप्पानं त्यावर आडवं बोट ठेवलं. रान बोटाखाली पुरतं झाकलं. बोट उचललं तर निम्मं रान बोटालाच चिकटून आलं!

"माझं तीन एकर बोटभर, आन् तुझा दीड एकर हातभर?"

हौसरावनं समजवायचा प्रयत्न केला. दोन किटल्या एक जवळ, एक लांब ठेवून दाखवल्या. आप्पाचं म्हणणं, किटलीचा सातबारा नसतो. ते हिरवं बोट उभं धरून तो दिवसभर गावात फिरला. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला पटलं, की हौसरावनं शेजाऱ्याची जमीन दाबायला आधी कागद तयार केलाय. आप्पानं दूध दुसऱ्या डेअरीला घातलं आणि सरकारी मोजणी आणायची भाषा सुरू केली. दोघांची विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या वडलांपासून ठरलेल्या, तिथंही बोलणं बंद झालं. म्हाळसाची आणि आप्पाच्या साळूबाईची तर वीस वर्षांची मैत्री. त्या दोघी आता एकमेकींना बघून पदर सावरत निघून जायला लागल्या.

शेवटी हौसरावच आप्पाच्या दारात गेला. म्हणाला, आता बरोबर बांधावर बसतो. डावीकडं तुमचं, उजवीकडं माझं, दोन्ही सारखं. पटत नसंल तर शेजारी बसून बघा.

आप्पा खरंच बसला. आठ दिवस, घरून खुर्ची आणून. ढेकूळ उजवीकडं जास्त झालं तरी हटकायचा. चित्र झालं. दोन्ही रानं सारखी, मधोमध बांध. समोर रुंद, पुढं निमुळता होत होत नदीकाठच्या झाडांपाशी टोकाला जाऊन मिटलेला.

आप्पा टोकाकडं टक लावून बसला. "हौसा, बांध तितं संपतो कसा? तिथनं म्होरं जमीन कुणाची?"

"संपत न्हाई आप्पा. लांबनं तसं दिसतं."

"चल, दाखीव."

दोघं बांधानं निघाले. रस्त्याकडंला बांधावरनं बैलगाडी गेली असती. मधे एकामागं एक चालावं लागलं. झाडांपाशी पोचले तेव्हा पाऊल ठेवायलाही जागा नव्हती. वीतभर माती तेवढी उभी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना नांगराचे फाळ ताजे उमटले होते. डाव्या अंगाला आप्पाच्या नांगराचे, उजव्या अंगाला हौसरावच्या.

आप्पानं उगाच टोपी काढून झटकली. हौसराव नदीकडं बघत राहिला.

"चित्र बराबर हाय," आप्पा हळूच म्हणाला. "पर डेअरीत नको लावू."