आलोइसचं उलटं बोलावणं

ओटिलियावहिनींनी हॅटवर पहिली फीत टाचली, तेव्हा आलोइसच्या ध्यानात आलं की पळून जायची वेळ आता निघून गेली.

"हलू नका भावोजी, सुई कानात जाईल."

"वहिनी, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा ना. मी गायींशीसुद्धा धड बोलत नाही."

"बोलायचं कुठाय? कविता म्हणायची, फीत लावून घ्यायची, पेला रिकामा करायचा, पुढचं घर गाठायचं. तुमच्या लाडक्या पुतणीचं, इर्मिनाचं लग्न आहे. आणि बिनलग्नाचा, बिनकामाचा, घोडीला पेलवेल असा एवढा एकच काका आपल्याकडे शिल्लक आहे."

मिनेसोटातल्या त्या सेंट किलियन गावात लग्नाच्या पत्रिका छापत नसत. पत्रिका काय, पोस्टमनही आणून टाकतो. बोलावणं करायचं ते घोड्यावरून, घरोघर, तोंडानं. बोलावणेकरी फाटकाशी उभा राहून जर्मन कविता म्हणणार, घरची बाई त्याच्या हॅटला एक फीत टाचणार, म्हणजे 'आम्ही येतो' असं ठरलं. मग घरचा पुरुष शेतावर गाळलेल्या मक्याच्या दारूचा पेला पुढे करणार. तो नाकारला तर लग्न दूर राहायचं, आधी मारामारी व्हायची. त्यामुळे दिवस चढेल तशी बोलावणेकऱ्याची हॅट जड होत जायची आणि डोकं हलकं.

शेगडीजवळच्या खुर्चीतून आलोइसच्या वडिलांनी, म्हाताऱ्या गेरहार्टनं, काठी आपटली.

"आलोइस, सगळं गाव विसरलास तरी चालेल. क्लेमेन्सला विसरलास तर घरी येऊ नकोस."

क्लेमेन्स हा गेरहार्टचा सख्खा धाकटा भाऊ. गेरहार्टच्या स्वतःच्या लग्नात त्या वेळचा बोलावणेकरी वाटेत एका गवताच्या गंजीत झोपला आणि नेमकं क्लेमेन्सचं घर राहून गेलं. क्लेमेन्स नवे बूट घालून दिवसभर खिडकीत बसला होता. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. चर्चमध्ये एक डावीकडे बसायचा, एक उजवीकडे. एकदा गेरहार्टच्या गोठ्याला आग लागली तेव्हा क्लेमेन्स पोरांना घेऊन धावत आला, आग विझवली, बादल्या उचलल्या आणि एक अक्षर न बोलता घरी गेला. त्याच्या घरातली मुलं आधी प्रार्थना शिकायची आणि लगेच नंतर बुटांची गोष्ट.

"माझं वय झालं," गेरहार्ट म्हणाला. "क्लेमेन्सला माझ्या टेबलाशी जेवताना बघायचंय मला. मग मी डोळे मिटायला मोकळा."

"आणतो बाबा," आलोइस म्हणाला. क्लेमेन्सकाकाची त्याला लहानपणापासून भीती वाटायची. काकाची पांढरी दाढी छातीवर रुळायची आणि तिच्या आतून कुणीतरी गुरगुरतंय असं वाटायचं. तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, की काकाचं घर शेवटी घ्यायचं. तोवर प्रत्येक घरी थोडा थोडा धीर मिळत जाईल.

धीर भरपूर मिळाला. चर्चच्या वळणापर्यंत आलोइस कविता चालीवर म्हणू लागला होता. गिरणीपर्यंत त्यानं तीत दोन कडवी पदरची घातली. श्लिंगमनांच्या फाटकाशी त्यानं घोडीच्या गळ्यात पडून सांगितलं, "लोटी, या जगात माझं म्हणून कोण आहे? तूच. आता तू नेशील तिथं." आणि लगाम सोडून दिला.

असं घोडीला सांगायचं नसतं. निदान लोटीला तरी नाही. लोटीनं उभं आयुष्य दूधसंघाची गाडी ओढली होती. संघानं मोटार घेतली तेव्हा तिला आलोइसकडे आरामाला पाठवलं होतं, पण तिच्या मनानं नोकरी सोडली नव्हती. आज पाठीवर ओझं होतं आणि लगाम सैल होता. तिनं रस्त्यावरची दूध घालणारी घरं ओळीनं घेतली, पूल ओलांडला आणि ओढ्यापलीकडचीही घ्यायला सुरुवात केली.

ओढ्यापलीकडे नॉर्वेजियन राहत, दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे. लुथरन. अलीकडच्या कॅथलिकांचा आणि त्यांचा आजवर संबंध आला होता तो फक्त चुकलेल्या कालवडींपुरता, आणि कालवडीसुद्धा पुलाच्या मध्यावर सोडून दोन्हीकडची माणसं न बोलता परत फिरत.

"इंगेबोर, बाहेर ये," टोरवाल्ड बाक्के अंगणातून बायकोला म्हणाला. "फाटकाशी एक कॅथलिक आलाय. सजवलेला आहे."

इंगेबोरनं हात पुसत कविता ऐकून घेतली. "काय म्हणतोय?"

"लग्न म्हणतोय. मंगळवारी."

"कुणाचं?"

"त्याचं नसावं. फार खुशीत आहे."

आलोइसनं हॅटकडे बोट दाखवलं. घरात फीत नव्हती. टोरवाल्डनं जरा विचार केला, डुकरांच्या खोपटाच्या दारावरून एक निळी फीत उतरवली आणि टाचली. त्याच्या डुकरिणीला जिल्ह्याच्या जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्याची ती फीत. पुढच्या घरी बुटाची नाडी मिळाली, त्याच्या पुढच्या घरी लाळेऱ्याचा बंद. दारू मात्र कुठेच नाही. सगळीकडे कॉफी आणि गोड पाव. समोर आलेलं नाकारायचं नाही हा नियम आलोइसला त्या अवस्थेतही आठवत होता. पोटात मावेना तेव्हा तो खिशात भरू लागला.

संध्याकाळी लोटीनं त्याला घरी आणून सोडलं. वहिनींनी हॅट दिव्याखाली धरली. गावातलं प्रत्येक कापड त्या ओळखून होत्या.

"ही टेरव्हीबाईंच्या पडद्याची. ही श्लिंगमनच्या थोरलीच्या झग्याची, तरीच तो आखूड झालाय. ही बुटाची नाडी कुणाची हो भावोजी? आणि ही निळी? डुकरांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस?"

गेरहार्ट खुर्चीतून अर्धा उठला. "क्लेमेन्सकडे गेला होतास?"

आलोइसनं डोळे मिटून आठवलं. धुक्यातून एक पांढरी दाढी वर आली. तिच्यामागे डुकरांचं खोपट.

"गेलो होतो बाबा! त्यांनीच दिली ही फीत! स्वतःच्या हातानं!"

गेरहार्टनं फीत हातात घेतली. मग म्हणाला, "बक्षिसाची फीत काढून दिली माझ्या भावानं," आणि ती कोटाला, छातीवर लावली. ती पुढं झोपतानासुद्धा त्यानं काढली नाही.

वहिनी मात्र नाक वर करून हुंगत होत्या. त्या आलोइसच्या कोटाजवळ आल्या, खिशात हात घातला आणि चिरडलेला पाव बाहेर काढला.

"वेलदोडा," त्या म्हणाल्या.

अलीकडच्या काठावर एकाही बाईच्या फडताळात वेलदोडा नव्हता.

"भावोजी, तुम्ही पूल ओलांडलात?"

"मी नाही. लोटीनं."

"दोन डुकरं कापली आहेत मी! दोन! आणि तुम्ही अख्खा लुथरन मुलूख जेवायला बोलावून आलात? फादरना काय सांगू? लोटीनं बोलावलं म्हणून? उद्याच्या उद्या जायचं आणि बोलावणं परत घेऊन यायचं."

"बोलावणं परत कसं घेतात?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी कधी घेतलंच नव्हतं. पण वहिनी पाच मुलांची आई. नियम नसला की त्या बनवायच्या. "सरळ जाऊन दिलंत ना? मग उलटं जाऊन घ्यायचं. घोडीवर उलटं बसायचं, कविता शेवटाकडून म्हणायची, ज्याची फीत त्याला परत करायची."

"बरोबर आहे," गेरहार्ट गंभीरपणे म्हणाला. "आमच्या जुन्या देशात असंच करायचे." तो जुन्या देशातून निघाला तेव्हा आईच्या दुधावर होता, पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी आलोइस लोटीच्या शेपटीकडे तोंड करून पूल ओलांडून गेला. यावेळी पूर्ण शुद्धीवर होता, त्यामुळे हाल जास्त झाले.

इथं एक गोष्ट झाली, आणि तिला कुणाचाच इलाज नव्हता. ओढ्यापलीकडे पहिल्यांदा केलेला आग्रह कुणी मनावर घेत नाही. कॉफी हवी का विचारलं की नको म्हणायचं, पुन्हा विचारलं की कशाला त्रास म्हणायचं, आणि मगच प्यायची. पहिलं बोलावणं हा त्यांच्या लेखी नुसता नमस्कार. आलोइस घरी स्वस्थ बसला असता तर मंगळवारी तिकडचं चिटपाखरूसुद्धा आलं नसतं.

"इंगेबोर! परत आला तो!"

"पुन्हा? आणि असा का बसलाय?"

"निघताना आपल्या घराला पाठ दिसू नये म्हणून असेल. केवढा आग्रह हा!"

पाहुण्याशी बोलायचं ते समोरून, म्हणून टोरवाल्ड लोटीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आलोइसला दिसत होता तो फक्त मागचा रस्ता. त्यानं कविता शेवटाकडून म्हटली. आधी बियर आली, मग डुकराचं मांस, मग चर्च, मग मंगळवार आणि सगळ्यात शेवटी लग्न. टोरवाल्डला तोच क्रम जास्त पटला.

"आम्ही नक्की येऊ," तो घोडीच्या कानांमधून ओरडला.

"नाही नाही! येऊ नका!"

टोरवाल्ड बायकोकडे वळला. "ऐकलंस, इंगेबोर? 'येऊ नका' म्हणतोय. आपल्यातलाच असावा कुणीतरी."

घरोघर हेच झालं. कुणाला नाडी परत मिळाली, कुणाला बंद, आणि सगळ्यांनी ती आत येण्याची खूण समजून जपून ठेवली. आलोइसनं घरी येऊन सांगितलं, "मिटलं वहिनी. फार समजूतदार लोक आहेत. काही जणांच्या डोळ्यांत तर पाणी आलं."

मंगळवारी इर्मिनाचं लग्न लागलं, मंडळी हॉलमध्ये आली, बियरची पिंपं फोडली, आणि पुलावर धुरळा दिसला. एकामागून एक गाड्या. लुथरन उतरत होते, काळ्या कपड्यांत, न बोलता, कोटाला नाड्या आणि बंद लावून. प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं. दोन-दोनदा विनवण्या करून परक्यांना जेवायला बोलावणारी माणसं नक्की अडचणीत असणार, असं त्यांनी ठरवलं होतं. बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या चळती आल्या, पांढऱ्या रश्श्यातले मासे आले, आणि हिरवी जेली तर इतकी आली की टेबलं थरथरू लागली.

वहिनी आलोइसकडे बघत होत्या. हातात मांस कापायची सुरी होती.

"मिटलं होतं ना, भावोजी?"

आलोइस दाराकडे सरकत होता तेवढ्यात टोरवाल्ड बाक्के मुख्य टेबलाशी जाऊन उभा राहिला. गेरहार्टच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती क्लेमेन्सची. म्हातारा सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसला होता.

"माफ करा," टोरवाल्ड हळूच म्हणाला. "सगळ्यांचं सगळं परत मिळालं. माझंच राहिलं. तुमच्या छातीवर आहे ते. आमच्या डुकरिणीचं."

गेरहार्टनं त्याची पांढरी दाढी बघितली. मग छातीवरची फीत बघितली. मग त्यानं आलोइसला शोधलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "म्हणजे क्लेमेन्स पुन्हा राहिला."

आलोइसनं हॅट उचलली आणि बाहेर धाव घेतली. यावेळी लगाम घट्ट धरला होता. तरीही क्लेमेन्सच्या फाटकाशी लोटी थांबेना. तीनदा पुढं गेली, तीनदा वळवावी लागली. शेवटी त्यानं चालत्या घोडीवरून उडी टाकली.

ओसरीत क्लेमेन्सकाका काळा सूट घालून बसला होता. मागं बायको रोझालिया, मुलगे, सुना, नातवंडं, सगळी नटून ओळीनं उभी.

आलोइसनं धापा टाकत कविता सुरू केली. काकानं हात वर केला.

"जेवणं सुरू झाली का रे तिकडे?"

"झाली काका."

"आणि आत्ता येतोयस?"

"काका, लोटीची चूक झाली. ती दूधसंघाची घोडी. आणि तुम्ही संघाला दूध घालत नाही, म्हणून ती इथं थांबतच नाही."

"कसा घालीन? गेरहार्ट बसतो ना संघाच्या कमिटीत." काकानं दाढी मुठीत धरली. "म्हणजे आम्ही पुन्हा राहिलो?"

"राहिलात," आलोइस म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

पण गुरगुर आली नाही. उघडून बघतो तर काका उभा राहिला होता आणि त्याचं तोंड दाढीतून उजळलं होतं.

"रोझालिया! ऐकलंस? पुन्हा विसरले! सख्ख्या भावाच्या नातीच्या लग्नात!" त्यानं आलोइसचे दोन्ही खांदे पकडले. "बाळा, तुला कल्पना नाही. ते बुटांचं प्रकरण पार झिजलं होतं रे. नातवंडं हसायला लागली होती. ही धाकटी सून नाताळात मला काय म्हणाली? म्हणे, 'मामंजी, गंजीत झोप लागली बिचाऱ्याला, सोडा ना आता.' सोडा! आता सांग म्हणावं!"

सून खाली बघत होती.

"मग चला ना काका लग्नाला."

"बिनबोलावता? मी? मेलो तरी नाही!" काकानं हॅट चढवली. "गाडी काढा रे! मी फक्त तोंडावर सांगून येतो, की मी येणार नाही. चला सगळे. साक्षीदार लागतील."

हॉलमध्ये तो शिरला तेव्हा अकॉर्डियन थांबलं. क्लेमेन्स सरळ भावासमोर जाऊन उभा राहिला.

"गेरहार्ट," तो म्हणाला, "मी आलेलो नाही."

"दिसतंय मला," गेरहार्ट म्हणाला. त्यानं शेजारची खुर्ची मागे ओढली. "बस."

"बसतो. पाय दुखतात म्हणून. आलेलो नाही."

"मांस घे."

"वाढ. पण यावरून काही समजू नकोस."

शेजारी टोरवाल्ड बाक्के होता. त्यानं बुटांची गोष्ट आयुष्यात ऐकली नव्हती, आणि लुथरन मधे बोलत नाहीत. क्लेमेन्सला असा श्रोता आजवर मिळाला नव्हता. त्यानं ती पहिल्यापासून सांगितली. गंजीशी आला की शेजारून गेरहार्ट म्हणायचा, "उजवीकडची नव्हे रे, ओढ्याकाठची," आणि क्लेमेन्स म्हणायचा, "तू गप्प बस, तू लग्न करत होतास." इर्मिनानं नाचायला ओढलं तेव्हाही, आपण इथं नाही हे तिला बजावून मगच तो उठला.

गेरहार्टनं त्यानंतर डोळे मिटायचं नाव काढलं नाही. क्लेमेन्स दर रविवारी दुपारी त्याच्या शेगडीजवळ येऊन बसू लागला आणि त्या मंगळवारी आपण कसे गेलोच नव्हतो, हे त्याला सांगू लागला. वर अशीही तक्रार करायचा, की मांस जरा कच्चं राहिलं होतं.