नुसती हवा भरून ठेवा

हवा

बिघडलेली वस्तू आपल्या नजरेतून सुटत नाही, असं जावयाचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. मताला आधारही होता. तो विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचा. ठोकलेल्या गाड्या, भिजलेली गोदामं, तडकलेल्या काचा. एखाद्या गाडीचा दरवाजा मागाहून रंगवलेला आहे हे तो रस्त्याच्या पलीकडून ओळखायचा आणि कुणी विचारलेलं नसताना मालकाला सांगायचाही.

अशा माणसाला सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, "सायकलमध्ये नुसती हवा भरून ठेवा. रविवारी येतो."

नुसती हवा! सर्जनला बोलावून नखं कापायला सांगण्यातला प्रकार.

सायकलही साधीसुधी नव्हती. सासरे तरुणपणी शर्यतीत उतरायचे तेव्हाची, इटलीत घडवलेली, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची. ते लहान घरात राहायला गेले तेव्हापासून ती जावयाच्या गॅरेजात चादरीखाली उभी होती. मध्यंतरी सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आता कुठे डॉक्टरांनी परवानगी दिली होती आणि रविवारी ते आपल्या दोन जुन्या दोस्तांबरोबर तलावाला एक फेरी मारणार होते.

कामासाठी परगावी निघताना बायको दारातून म्हणाली, "हवेशिवाय काही करू नकोस त्या सायकलला."

"मी काय करणार आहे?"

"तेच तर सांगता येत नाही ना."

पण जावयाला त्या चादरीखाली सायकल दिसतच नव्हती. त्याला दिसत होती संधी. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याला एकदाही जावईबापू म्हटलं नव्हतं. कुणाशी ओळख करून द्यायची तर, "हे आमच्या मुलीचे मिस्टर." म्हणजे मुलीने परस्पर ठेवून घेतलेला भाडेकरूच जणू. धाकट्या साडूला मात्र, "या जावईबापू, बसा जावईबापू." त्या साडूला दिव्याचं बटण कुठल्या बाजूला दाबायचं हेही विचारावं लागायचं.

जावयाने चादर ओढली.

सीट

वाकडी. एका बाजूला झुकलेली, वर नाकाडही किंचित वळलेलं. त्याने पातळी बघायची नळी आणली, बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत सीट फिरवली आणि पाना असा आवळला की पुन्हा कुणाची ती हलवायची बिशाद नव्हती.

ठोकळा

डाव्या पायडलवर लाकडाचा जाडजूड ठोकळा, चामड्याच्या पट्ट्याने आवळलेला. उजव्यावर काही नाही. असलं ठिगळ लावणारा कारागीर समोर असता तर जावयाने त्याला चार शब्द सुनावले असते. समोर कुणी नसल्यामुळे त्याने ते ठोकळ्याला सुनावले आणि पट्टा कापला.

लाकूड मात्र चांगलं होतं. फेकवेना. रंग ढवळायला झालं.

रंग

मूळचा आकाशी रंग जागोजागी उडालेला. आडव्या दांडीवर कुणीतरी लाल रंगात, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: दीड.

"दीड काय?" जावयाने सायकलला विचारलं. ती बोलली नाही. त्याने घासून काढलं.

मग गडद हिरवा रंग. त्याच्यावर सोनेरी रेषा. पण एवढ्यावर भागणार नव्हतं. सायकल पाहताच ती कोणाची हे कळायला हवं. जावई डबा हातात घेऊन विचार करत राहिला, आणि सासऱ्यांची चाल त्याच्या डोळ्यांपुढे आली.

काय चाल होती! डावा खांदा अलगद खाली जायचा, पुन्हा वर यायचा, लाटेवर गलबत चालावं तसा. लग्नाची बोलणी चालू असतानाच ती जावयाच्या मनात भरली होती. जुन्या खानदानी माणसांची ऐट असते ती, असं त्याने स्वतःला समजावलं होतं आणि हळूहळू उचललीही होती. पाहणीला जाताना तो तसाच चालायचा. साहेबांनी एकदा विचारलं होतं, "पाठ धरली का?" साहेबांचं खानदान यथातथाच. सासुरवाडीला तर तो आवर्जून तसा चालायचा. सासऱ्यांच्या समोरून. शक्यतो दोनदा.

त्याने ब्रश सोनेरी रंगात बुडवला आणि दांडीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: डौल.

ब्रेक

इथे लावायला हवे होते.

डौल

रविवारी सकाळी सासरे आले. बरोबर दोन्ही दोस्त आपापल्या सायकली घेऊन: एक निवृत्त दाताचे डॉक्टर, दुसरे बेकरीवाले. बायकोही पहाटेच परतली होती आणि चहाचा कप घेऊन पायरीवर बसली होती.

"हवा भरली?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघाच तुम्ही," म्हणत जावयाने चादर काढली.

तिघांच्याही नजरा दांडीवर खिळल्या. भारावून गेलेत, जावयाला वाटलं.

डॉक्टरांनी खिशातला चष्मा लावून वाचलं. "डौल." मग बेकरीवाल्यांकडे बघितलं. बेकरीवाल्यांनी स्वतःच्या बुटांकडे.

"हे काय लिहिलंय?" सासरे म्हणाले.

"तुमची चाल, बाबा. तुमची ती खास चाल." आणि शब्द अपुरे पडताहेत असं वाटून जावई गॅरेजपासून फाटकापर्यंत चालून दाखवायला निघाला. डावा खांदा खाली, मग वर. खाली, वर. फाटकाजवळ वळून तसाच परत आला.

बायकोचा कप तोंडापाशी थांबला होता.

बेकरीवाल्यांनी हळूच विचारलं, "तू सांगायचास ती नक्कल हीच का रे?"

"हीच," सासरे म्हणाले. "लग्नापासून करतात. मी मुलीला कधी बोललो नाही."

"नक्कल?" जावई म्हणाला. "कसली नक्कल?"

सासऱ्यांनी सायकल हातात घेतली, उजव्या पायाने रेटा दिला आणि सीटवर बसले. डावा पाय पायडल शोधायला खाली गेला. पायडल तिथे नव्हतं. ते बरंच खाली होतं. सायकल विचार करत असल्यासारखी क्षणभर उभी राहिली आणि मग सासऱ्यांसकट, दमादमाने, मेंदीच्या कुंपणात गेली.

सगळे धावले. कुंपणातून शांत आवाज आला, "मला काही झालेलं नाही. ठोकळा कुठाय?"

"कुठला ठोकळा?" जावयाने विचारलं.

"डाव्या पायडलवरचा."

"तो होय? तो काढला मी. कुणीतरी अगदीच गावठी काम केलं होतं हो."

"मी केलं होतं."

बायकोने कप खाली ठेवला. "अरे, बाबांचा डावा पाय आखूड आहे."

जावयाने पाहिलं. कुंपणाबाहेर सासऱ्यांचे दोन पाय आले होते. उजव्या बुटाचा तळ साधा. डाव्याचा चांगला वीतभर नाही, पण बोटभर तरी जाड. पानांच्या हिरव्या पार्श्वभूमीवर तर आंधळ्यालाही दिसला असता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"जन्मापासून."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"दिसतं ते. सांगायचं काय त्यात?"

पाहणी

सासऱ्यांना बाहेर काढलं. केसांत पानं अडकली होती. डॉक्टरांनी त्यांची नाडी बघितली, मग जावयाकडे वळले. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावलेला माणूस.

"हे बघ, दोनच शक्यता आहेत. एक, तू महादुष्ट आहेस."

"आणि दुसरी?"

"तुला खरोखरच दिसलं नाही."

"हा करतो काय?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

बायको म्हणाली, "नुकसानीची पाहणी."

जावयाचे कान तापले. जमीन दुभंगेल तर बरं, असं त्याला वाटलं. जमीन अखंड होती. ते त्याने बारकाईने पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"नाही दिसलं," तो पुटपुटला. "मला वाटलं, ऐट आहे. आवडली म्हणून... मी ऑफिसातही तसाच चालतो."

"ऑफिसातही?" सासऱ्यांनी विचारलं.

"साहेबांनी मलम दिलं होतं."

सासरे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. जावई घाबरला, ऑपरेशन झालेला माणूस! पण ते हसत होते. हसता हसता केसांतली पानं खाली पडली.

"खरं बोलतोय हा," ते दोस्तांना म्हणाले. "दुष्ट माणसाने ठोकळा काढलाच नसता. त्याला माहीत असतं तो कशासाठी आहे ते."

ठोकळा गॅरेजात सापडला, डब्यात, सुकलेल्या रंगात घट्ट रुतलेला. हातोडीने ठोकून काढावा लागला. अर्धा हिरवा, अर्धा सोनेरी. बायकोने तिच्या बॅगेचा पट्टा काढून दिला. सीट पूर्वीसारखी वाकडी करायला दोन दोस्त पान्याला लोंबकळले.

"आणि ते दीड?" जावयाने भीत भीत विचारलं.

"त्याचं नाव," बेकरीवाले म्हणाले. "शाळेत आम्ही ठेवलं. दीड पायाचा म्हणून दीड. पहिली शर्यत जिंकला तेव्हा त्यानेच रंगवून घेतलं. आल्यावर पुन्हा लिही."

तिघे तलावाकडे निघाले. वाकड्या सीटवर सासरे सरळ दिसत होते.

उरलेला भाग

जोडणी संपली की एखादा तुकडा हातात उरतोच. इथे जावई उरला.

फेरीहून परतल्यावर सासऱ्यांनी शेजाऱ्यांशी ओळख करून दिली. "हे आमचे..." म्हणून ते थांबले. जावयाने श्वास रोखला.

"ह्याला अर्धंच दिसतं," डॉक्टर म्हणाले. "तू दीड, हा अर्धा. बेरीज पुरी होते."

झालं. साडू अजून जावईबापूच आहे. ह्याला मात्र आता घरातले सगळे, अगदी मानाने, अर्धे म्हणतात.

"अर्धे," परवाच सासरे म्हणाले, "सायकलमध्ये हवा भरा जरा. नुसती हवा."

"हो बाबा," म्हणून तो लगबगीने पंप आणायला निघाला. गॅरेजच्या दाराशी त्याच्या लक्षात आलं, आपला डावा खांदा अलगद खाली जातोय, पुन्हा वर येतोय. सवय, दुसरं काय. त्याने हळूच मागे वळून पाहिलं.

सासरे बघत होते.