मंजूर एक, हजर एक

चार माणसं जमली की आमच्या शेजारच्या नानांना माणसं दिसत नाहीत, जागा दिसतात. "न्हावी जादा हायत, सुतार कमी," असं पुटपुटत ते पुढं जातात.

नाना मिलिटरीत कारकून होते. कुठल्या पलटणीत आचारी किती मंजूर, हजर किती, ड्रायव्हर किती, वायरलेसवाले किती, याचे तक्ते त्यांनी चोवीस वर्षं भरले. बेंबळीला परत आल्यावर त्यांनी गावच तक्त्यात बसवलं. माझं खताचं दुकान. मला त्यांनी 'भांडारपाल' केलं. मी नको म्हणालो होतो की हो, तेही आता आठवत नाही.

यात्रेच्या भंडाऱ्याला दोन आचारी आलेच नाहीत. नानांनी गावातले दोन शिंपी चुलीवर उभे केले. "जादा तिथनं उचलायचं, कमी तिथं भरायचं!" भात कच्चा राहिला, लोक चिडले. नाना तक्ता दाखवत म्हणाले, "हितं तर एकबी जागा रिकामी न्हाय." चूक नेमकी कुणाची, मला अजून उमगलेलं नाही.

गेल्या वर्षी नानांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगवायू झाला. वाचाही गेली. परवा त्यांचा मुलगा पुण्याहून त्यांना न्यायला आला. "नाना, तुम्हाला एकट्याला जमत नाही. आईला मी नेतो."

नानांनी मला साक्षीला बोलावलं आणि तक्ता पुढं केला. आचारी, धोबी, नर्स, वेणी घालणारा. प्रत्येकापुढं मंजूर एक, हजर एक. सगळं पूर्ण दिसत होतं, म्हणून मी मान डोलावली.

"ही चार माणसं कोण?" मुलानं विचारलं.

"मीच की."

"अहो, एक माणूस चार ठिकाणी हजर कसा?"

नानांनी तक्ता परत आपल्याकडं ओढला. एकच माणूस दोनदा मोजलेला कागद त्यांनी जन्मभर लाल शेरा मारून परत पाठवला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं. चारही ओळींवरून फिरवलं. खोडायची कुठली, ते त्यांना ठरवता येईना. मलाही सांगता येईना.

शेवटी पेन खाली ठेवून ते मुलाला म्हणाले, "तिला भांग मधी आवडत न्हाय रं. जरा डावीकडं लागतो. तिकडं ती कुणाला सांगंल?"