लोण्याचा फलंदाज

सिरिल पॉस्किटने केकवरचा बटर पेपर अलगद सोलला आणि वाकून खालचं चित्र पाहिलं. चित्रातला विल्फ डावखुरा झाला होता.

गावाच्या क्रिकेट क्लबात खेळाडू निवृत्त झाला की त्याला केक द्यायची रीत होती, आणि तो केक नेहमी सिरिलची बायको इनिड करायची. इनिड वसंतात गेली. यंदा विल्फ निवृत्त होणार होता, पण केकचं नाव काढायला कुणी धजत नव्हतं. शेवटी सिरिलच म्हणाला, "मी करीन." ग्रंथालयात आयुष्य गेलेला माणूस, हे वाक्यही त्याने दबक्या आवाजात म्हटलं. चहाच्या टेबलावर इनिडची जागा रिकामी दिसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

पॅव्हेलियनमध्ये इनिडने काढलेला विल्फचा फोटो होता, बॅट उगारलेला. सिरिलने तो फ्रेममधून काढून घरी आणला, कागदावर गिरवला, त्यावर बटर पेपर अंथरला, चॉकलेटच्या बटरक्रीमने रेघा ओढल्या, रंग भरले आणि सगळं फ्रीझरमध्ये ठेवलं. गोठलेलं चित्र केकवर पालथं घालून कागद सोलायचा, असं केकच्या पुस्तकात लिहिलं होतं. पालथं घातल्यावर डाव्याचं उजवं होतं, हे पुस्तकाने पुढच्या पानावर लिहिलं होतं.

शेजारची मेव्हिस डोकावली. ती दर सामन्याला सँडविच करायची, मैदानाकडे पाठ करून.

"फोटोत उजव्या हाताने खेळतोय की हो तो," ती म्हणाली.

"तुम्ही खेळताना पाहिलंय त्याला?"

"मी काकड्या कापत असते. तुम्ही?"

सिरिलने सगळे सामने पाहिले होते, पण पुस्तकाच्या वरच्या कडेवरून.

"लोक हसतील," तो म्हणाला.

"हसणार नाहीत. छान झालाय म्हणतील. ते जास्त वाईट."

हे सिरिलला पटलं. त्याने सुरीने विल्फला खरवडून वाडग्यात काढलं आणि फोटो खिडकीच्या काचेला लावून मागच्या बाजूने गिरवला. जुलैचा उकाडा असा, की हातातल्या क्रीमच्या पिशवीत लोण्याचं पाणी व्हायला लागलं. तो मधूनमधून बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसे. हिरवा रंग संपला, तेव्हा अर्धं मैदान उन्हाने करपलेलं दाखवावं लागलं. कागद सोलताना विल्फचा एक पाय निघून आला. तो मेव्हिसने चमच्याच्या पाठीने बसवला. पण या खेपेला विल्फ उजव्या हाताने खेळत होता, अगदी फोटोसारखा.

सामना संपला. सगळे केकभोवती जमले. विल्फने चष्मा लावला आणि बराच वेळ केक न्याहाळला.

"अगदी फोटोसारखा," तो गंभीरपणे म्हणाला.

"हुबेहूब," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, आणि सगळे आपापल्या कपात पाहू लागले.

सिरिलला बरं वाटलं. मग विल्फने सुरी उचलली. डाव्या हाताने.

"तुम्ही डावखुरे आहात?" सिरिलने विचारलं.

विल्फने सुरी खाली ठेवली. "फोटो उलटा छापला गेला होता, सिरिल. सगळ्यांनाच दिसत होतं. पण इनिड इतक्या हौसेने घेऊन आली, तिला कोण सांगणार? तिला वाईट वाटलं असतं."

सिरिल केकच्या करपलेल्या मैदानाकडे पाहत राहिला.

"तिला ठाऊक होतं," तो म्हणाला. "फोटो टांगल्यावर तिच्या लक्षात आलं. पण तुम्ही सगळ्यांनी एवढं कौतुक केलं होतं, की आता सांगितलं तर तुम्हाला ओशाळल्यासारखं होईल, म्हणून ती गप्प राहिली. मला म्हणाली, काहीतरी चुकलंय त्या फोटोत, पण आता कसं सांगू त्यांना? काय ते मी विचारलं नाही. वाचत होतो."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. विल्फने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"पहिल्यांदा केकवर तुम्ही बरोबर आला होतात," सिरिल हळूच म्हणाला. "डावखुरे."

"मग तो कुठाय?"

सिरिलने मेव्हिसकडे पाहिलं. मेव्हिस सँडविचच्या थाळीकडे पाहत होती.

"आम्ही तुम्हाला टोस्टवर लावून खाल्लं."

विल्फने यावर थोडा विचार केला.

"कसा लागलो?"

"जरा गोड," सिरिल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने क्लबात कुणाला खरं सांगितलं होतं.