एकशे पंच्याऐंशी, साठ, तेरा

आमच्या घरात कुठलीही वस्तू मला विचारल्याशिवाय घेतली जात नाही. मिक्सर, पाण्याचा फिल्टर, शेजारच्या भीमाचार्यांचं श्रवणयंत्र, सगळं मीच निवडलेलं! (भीमाचार्यांना अजून नीट ऐकू येत नाही, पण तो त्यांच्या कानांचा दोष आहे.) मी आधी इंटरनेटवर सगळं वाचतो, तुलना करतो आणि मगच मत देतो. त्यामुळे विश्वासकाका जेव्हा म्हणाले, "गिरी, गाडीला टायर बघायला पाहिजेत रे," तेव्हा मी हसलोच.

"काका, रविवारी चारही टायर बसलेले असतील!"

बसले. दुर्दैवानं बसले.

पण आधी गाडीबद्दल सांगायला हवं. विश्वासकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, जे. पी. नगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्‌स कार आहे. परदेशी बनावटीची, बुटकी, दोन सीटांची. तरुणपणी त्यांनी ती चिकमगळूरच्या एका कॉफीमळेवाल्याकडून हौसेनं घेतली आणि तिच्यात बसवून काकूला फिरवायचं ठरवलं. काकूनं गाडीकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "घरात माणसं चार आणि सीटा दोन! पोरींना कुठं ठेवू? टपावर?"

गाडीला धड टपही नव्हता. कापडी होता.

झालं! सकवारकाकू त्या गाडीत कधी बसलीच नाही. पोरी मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या, तरी नाही. रुसवा असा नव्हता. तो घरचा रिवाजच होऊन गेला होता. काका दर रविवारी एकटे एक चक्कर मारून यायचे आणि काकू त्यांच्यापुढे कॉफी ठेवत विचारायची, "आली का तुमची लाली फिरून?"

यंदा काकांच्या लायसन्सची मुदत संपत होती. ते पुन्हा काढायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. "हात ठीक आहेत तोवर थांबलेलं बरं," एवढंच म्हणाले. आणि मग, कुणी काही विचारलं नसताना, काकू म्हणाली, "सरी, ठीक आहे. मग एकदा मला ठकुअक्काकडे घेऊन चला. त्या गाडीतनं."

ठकुअक्का म्हणजे काकूची थोरली बहीण, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, यशवंतपूरला राहते. काका उठले, गाडीवरचं कापड काढलं, पहिल्यांदाच नीट वाकून पाहिलं आणि त्यांना दिसलं की उन्हापावसात टायरांना भेगा पडल्यात. जमिनीला पडतात तशा. काकू बसणार म्हटल्यावर तसल्या टायरांवर गाडी काढायला ते तयार होईनात. म्हणून मला विचारलं. मला!

टायरच्या कडेवर लिहिलं होतं १८५/६० आर १३. रात्री जेवताना मी बायकोला समजावून सांगितलं, "हे बघ रम्या, एकशे पंच्याऐंशी म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. तेरा म्हणजे मधल्या चाकाचा व्यास, इंचात. आणि साठ म्हणजे रबराची उंची, मिलिमीटरमध्ये."

रम्या पोळी तोडता तोडता थांबली. "साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. टायर त्याहून उंच दिसतोय की रे."

"दिसतो. हवा भरलेली असते ना!"

तिनं पोळीचा तुकडा तोंडात टाकला. आमच्याकडे ती अशी जेवायला लागली की समजायचं, वाद तात्पुरता पुढे ढकललाय.

टायरवाला बसवंत म्हणाला, "सार, हा साइज आता येत नाही. १६५/६५ देतो, स्वल्प बारीक आहे, पण चालेल." बारीक! स्पोर्ट्‌स कारला बारीक टायर म्हणजे पैलवानाला चिमुकल्या चपला! मी त्याला थांबवलं. म्हटलं, रुंदी वाढली तर पकड वाढते, फक्त उंची तेवढीच राहायला हवी. तेव्हा मधला आकडा साठच हवा. शोधून शोधून कोइंबतूरच्या एका शर्यतीवाल्याकडून २०५/६० मागवले. साठ म्हणजे साठ!

ते बसवल्यावर गाडी अशी दिसायला लागली, जणू तालमीतून अंगाला तेल लावून आलीय. बसवंतनं स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढले. दुकानापासून काकांच्या घरापर्यंत मीच ती चालवत नेली. रस्ता सरळ, मग डावीकडे, पुन्हा डावीकडे. लोण्यासारखी गेली! काका तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "स्वल्प उंच झाल्यागत वाटतेय, नाही?"

"रुबाब, काका! रुबाब वाढला की उंच वाटतं."

रविवारी सकाळी काकू हिरवी इरकल नेसून बाहेर आली. तिचे गुडघे धरलेले, गाडी जमिनीला टेकलेली. रम्यानं तिला आधी पाठमोरी बसवली, मग दोन्ही पाय उचलून आत ठेवले. काकू आत बसून समोर बघत म्हणाली, "अय्यो, इथून सगळी दुनियाच उंच दिसते!" काकांनी गाडी सुरू केली. मी आणि रम्या स्कूटरवरून मागे निघालो, कारण दोन सीटांच्या गाडीत तिसऱ्याला जागा नसते, हे त्या घराला पुरतं माहीत होतं.

पहिल्या मोठ्या चौकात काका उजवीकडे वळले. लगेच आवाज आला, खर्रर्रर्र! जात्यात खडे पडल्यासारखा. मला वाटलं, शेजारच्या ट्रकचा असेल. पुढच्या चौकात मात्र उजवीकडे जायचं असताना काका सरळ गेले. मग डावीकडे. पुन्हा डावीकडे. पुन्हा डावीकडे! आणि आम्ही फिरून त्याच चौकात!

"हे काय?" रम्या म्हणाली.

"चुकले असतील."

जयनगरात पुन्हा तेच झालं. बसवनगुडीत तर ज्या नारळवाल्यासमोरून गेलो त्याच्याच समोरून परत आलो. तो आमच्याकडे बघून हसलाही. ज्या माणसानं मला हे शहर दाखवलं, गल्लीबोळांसकट, तो माणूस त्याच शहरात गोल गोल फिरत होता. लायसन्स नको म्हणाले ते यासाठी? त्यांना स्वतःला कळलं होतं आणि आम्हाला नाही? आम्ही त्यांना दर आठवड्याला भेटतो आणि फक्त कॉफी पिऊन येतो!

"रम्या," मी म्हटलं, "काकांना विसर पडायला लागलाय गं."

रम्यानं मागे बसूनच काकूला फोन लावला. मला फक्त रम्याचं बोलणं ऐकू येत होतं. "काकू, सगळं ठीक आहे ना? ... हो ... हो ... बरं." तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आम्ही फिरायला निघालोय, मध्ये मध्ये फोन करू नका."

चामराजपेटेत सिग्नलला मी स्कूटर त्यांच्या खिडकीशी नेली. विसर पडलेल्या माणसाला साधे प्रश्न विचारावेत, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मी अगदी प्रेमानं, एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "काका, आज वार कोणता?"

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "रविवार. आणि तुझ्या टायरांनी केलाय तो दुसरा वार!"

सिग्नल सुटला. पुढे एका झाडाखाली त्यांनी गाडी घेतली आणि मला वाकून बघायला लावलं. डाव्या चाकावरचा पत्रा कधीकाळी फाटकाला घासून थोडा आत गेलेला होता. गाडी उजवीकडे वळली की माझा धिप्पाड टायर त्या पत्र्याला घासत होता. पत्र्याचा रंग उडाला होता. डावीकडे वळताना मात्र काही त्रास नव्हता.

"म्हणून मी उजवीकडे वळायचंच नाही असं ठरवलं," काका म्हणाले. "तीनदा डावीकडे गेलं की उजवीकडे गेल्यासारखंच होतं."

"मला सांगितलं का नाही?"

"तू एवढ्या हौसेनं आणलेस. आणि..." त्यांनी आवाज खाली आणला. "आवाज झाला तेव्हा ही काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, मी जड झाले म्हणून घासतंय, मला इथंच उतरवा. इतक्या वर्षांनी बसली रे, गिरी! तिला उतरू देऊ?"

मी काकूकडे पाहिलं. ती आतून बाहेरच्या एका जुन्या इमारतीकडे बोट दाखवत होती. "गिरी, हे बघ! लग्नानंतर आम्ही इथं भाड्यानं राहिलो. तो वरचा कठडा आमचा. मगाशी माझं कॉलेजही दाखवलं यांनी. मला वाटलं यांना आठवतच नसेल!"

काकांनी ते मुद्दाम दाखवलं नव्हतं. डावीकडे वळता वळता ते रस्त्यात आलं होतं. पण त्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

रम्या एव्हाना मोबाइलमध्ये डोकं खुपसून होती. ती एकदम ओरडली, "टक्के! साठ म्हणजे टक्के, गिरी! रुंदीच्या साठ टक्के उंची! रुंदी वाढवलीस की उंचीही आपोआप वाढली!" रस्त्यावरची दोन माणसं थांबून माझ्याकडे बघायला लागली. त्यांनाही बहुतेक हे आधीपासून माहीत असावं.

यशवंतपूर गाठेपर्यंत दुपार झाली. ठकुअक्काची गल्ली उजव्या हाताला, अरुंद, आणि आत शिरायची वाट तेवढी एकच! काकांनी गाडी कोपऱ्यावर उभी केली. काकूला त्या खड्ड्यातून उपसून काढायचं आणि पुन्हा भरायचं, याला कुणीच तयार नव्हतं. शेवटी ठकुअक्काच डबे घेऊन कोपऱ्यावर आली. दोघी बहिणी, एक गाडीत आणि एक स्टुलावर, खिडकीतून चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात, खात तासभर गप्पा मारत बसल्या. परतीचे सगळे रस्ते डावीकडून शोधायचे होते, पण ती चिंता फक्त मलाच होती.

दुसऱ्या दिवशी मी बसवंतकडे गेलो, निमूटपणे १६५/६५ बसवून घेतले आणि या वेळी गाडी दोन्ही बाजूंना गरागरा वळवून पाहिली. कुठं काही घासेना. लायसन्स संपायला अजून एक रविवार बाकी होता. "आता सरळ घरात जेवायला या," असं ठकुअक्कानं बजावलं होतं. मी आणि रम्या आधीच जाऊन तिच्या दारात उभे राहिलो.

लाल गाडी वेळेवर कोपऱ्यावर आली. काकांनी वेग कमी केला. काकू त्यांना काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण हातवाऱ्यांवरून "इतक्यात आलं पण?" असं काहीसं असावं. काका हसले. मग गाडी अलगद डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

आत पानं वाढलेली होती. ठकुअक्का हातात झारा घेऊन बाहेर आली, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काय रे, टायर पुन्हा चुकले का?"

रम्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळी टक्केवारी मला आता तोंडपाठ होती. दशांश चिन्हासकट!

"हो अक्का," मी म्हणालो. "पुन्हा चुकले."