खालची टाकी

“एक थेंब! एक थेंब जरी जमिनीवर सांडला, तर ओव्हरसियर म्हणवून घेणार नाही!”

भगवानराव हे वाक्य चिखलीत दोन महिने रोज कुणा ना कुणाला ऐकवत होते. ऐकणारे तोंडावर हसत नसत, नुसते खोकत. कारण सगळ्यांना तो पूल आठवायचा! नोकरीच्या शेवटच्या वर्षी भगवानरावांनी दुसरबीडकडच्या एका नाल्यावर दोन कमानींचा दणकट पूल बांधला. पूल अजून जसाच्या तसा उभा होता. फक्त पहिल्याच पावसात नाल्याने त्याला वळसा घातला आणि शेजारच्या शेतातून वाट काढली! तेव्हापासून गाव त्यांना ‘कोरड्या पुलाचे भगवानराव’ म्हणत असे. पेन्शन मिळाली, पण हे नाव काही सुटलं नाही.

आता मात्र ते सुटायची संधी आली होती. त्यांचे व्याही अर्जुनराव शेगावात भक्तांसाठी लॉज बांधत होते. चौदा खोल्या, चौदा न्हाण्या! पाण्याची सगळी देखरेख भगवानरावांना हवी होती. पैशासाठी नव्हे हो, नावासाठी! पण अर्जुनराव पडले हिशेबी स्वभावाचे. म्हणाले, “इवाई, तुमच्या हातचं पाण्याचं एखादं काम मले पाहू द्या. मंग सांगतो.”

दाखवायला होता तो एक कोरडा पूल. मग भगवानरावांना आठवली अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे पाहिलेली माशांची काचेची टाकी. ठरलं! मासे निव्वळ निमित्त, दाखवायचा तो निचरा!

बैठकीच्या खोलीत उंच टेबलावर काचेची टाकी आली. टेबलाखाली सिमेंटची दुसरी टाकी, वर लाकडी झाकण. वरचं पाणी काठाजवळच्या पाईपातून खाली उतरणार, वाटेत वाळू, कोळसा आणि कापूस यांतून गाळलं जाणार, आणि कूलरचा छोटा पंप ते परत वर चढवणार. कोळसा इस्त्रीचा होता आणि कापूस बायकोच्या, म्हणजे कौशल्याबाईंच्या, देवाच्या वातींचा.

“देवाजवळ अंधार, आन माशायले गादी!” कौशल्याबाई म्हणाल्या.

“ती गादी नोहे, गाळणी हाय! तुमाले नाई समजायचं. अन् एक सांगतो, याले हात लावू नका!”

कडूबा मिस्त्री पाईप जोडता जोडता म्हणाला, “सायेब, चार माशायसाठी एवढं कायले? रोज बादलीभर पाणी बदलवा ना.”

“कडूबा, तू पाईप पाह्य. डोकं चालवाले म्या हाय!”

आणि डोकं खरंच चाललं होतं, नाही असं नाही. मोटार बंद पडली की चढत्या पाईपातून वरचं अर्धं पाणी उलटं खाली येणार, हे त्यांनी आधीच ताडलं होतं. म्हणून खालची टाकी कायम अर्धी रिकामी ठेवायची! नकाशात तसं लाल शाईने लिहिलं, नकाशाची सुरळी केली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. सात वेळा मोटार बंद करून पाहिली. सातही वेळा जमीन ठणठणीत कोरडी! भगवानरावांचा ऊर भरून आला. त्यांनी त्याच दिवशी शेगावला कार्ड टाकलं.

ठरल्या दिवशी ते व्याह्यांना आणायला एसटी स्टँडवर गेले. गाडी दीड तास उशिरा आली.

आणि इकडे नळ आला!

त्या गल्लीत नळ तिसऱ्या दिवशी यायचा, तोही पाऊण तास. नळ आला की बाया रडतं पोर खाली ठेवून आधी घागर लावत. हंडे, कळशा, पातेली, सगळं भरायचं. घरात एक वाटीसुद्धा रिकामी राहिली, तर बाईमाणसाला दिवसभर चैन पडत नसे.

अर्जुनराव आले, पाय धुतले, टेबलाशेजारच्या गादीवर लोडाला टेकून बसले. पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा कोट. लाल मासे तुरुतुरु पोहत होते, पाणी आरशासारखं.

“वा इवाई!” अर्जुनराव खरोखर खूष झाले. “पाणी त मस्त साफ ठेवलं तुम्ही. पण वीज गेली तं?”

याच प्रश्नाची तर वाट पाहत होते भगवानराव!

“वीज? अहो, म्याच बंद करून दाखवतो. पाहा. एक थेंब!”

त्यांनी ऐटीत बटण दाबलं. पंप थांबला. पाईपात गुळगुळ झालं. भगवानराव छाती पुढे काढून उभे राहिले.

मग झाकणाच्या फटीतून पाणी आलं.

“एक थेंब,” अर्जुनराव म्हणाले.

दुसऱ्या क्षणी झाकणच वर उचललं गेलं आणि पाणी बदाबदा गादीखाली शिरलं! अर्जुनराव “अरे बापा!” करून उठले, तोवर धोतर पोटरीपर्यंत भिजलं. कोळशाचं काळं पाणी गाळणीतून उसळलं, वातींचा कापूस खोलीभर तरंगू लागला. भगवानराव कधी पाईप दाबायचे, कधी झाकण. बटण पुन्हा दाबावं, हे काही केल्या सुचेना! पाणी उंबरा ओलांडून गल्लीत गेलं.

“नळ परत आला वो बाया! परत आला!” बाहेरून शेजारच्या सिंधूताई ओरडल्या. पाच मिनिटांत दारात सहा बाया घागरी घेऊन उभ्या!

“काळं पाणी येऊन राह्यलं का आज?”

“थो नळ नोहे! घरी जा!” भगवानराव किंचाळले. मग आत वळले. “खालच्या टाकीत पाणी कोणं भरलं?”

“म्या भरलं,” कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. “काठोकाठ. अर्धी रिकामी होती ना.”

“थे रिकामी ठेवाचीच होती! नकाशात लिहून ठेवलं म्या!”

“नकाशा कपाटात, आन चावी तुमच्या जानव्याले! नळ आल्यावर घरात टाकी रिकामी ठेवू? लोक काय म्हणतीन?”

भगवानराव हताश होऊन पाण्यात उभे राहिले. नाला पुन्हा वळसा घालून गेला होता.

अर्जुनराव धोतर पिळत होते. मग म्हणाले, “इवाई, झालं. म्या ठरवलं.”

भगवानराव पाण्यातून दोन पावलं पुढे आले. “काय ठरवलं?”

“लॉजवर टाक्यायची देखरेख इहीनबाईकडे. चौदा खोल्या भरल्या, आन टाक्या रिकाम्या निघाल्या तं भक्त मले शेगावात राहू देतीन का? नळ आला की एकही भांडं रिकामं न ठेवणारं माणूस पाहिजे मले!”

कौशल्याबाईंनी पदर सावरला. “येईन ना. लेकीचंही तोंड दिसन.”

“अन् मी?” भगवानरावांनी घसा खाकरून विचारलं.

अर्जुनरावांनी खोलीभर एकवार नजर फिरवली.

“तुम्ही? तुम्ही आधी पोतेरं आणा!”